पचन जठरात नाही, तोंडातच सुरू होतं

लेखात 'पचनाची सुरुवात जठरात होते' असं लिहिलंय ते चुकीचं आहे, सुरुवात तोंडातच होते. शाळूच्या भाकरीचा कोरडा तुकडा मिनिटभर नुसता चावत रहा, हळूहळू गोडसर लागायला लागतो, कारण लाळेतलं अमायलेज हे पाचक एन्झाइम भाकरीतल्या स्टार्चची (पिष्टाची) साखर करायला लागलेलं असतं. स्टार्च पचवायचं पुढचं काम लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसानं होतं.

आमच्या वडिलांच्या (तासगावकडं असतात) दाढा पडल्यावर ते भाकरी आमटीत कुस्करून नुसती गिळायचे आणि मग दुपारभर पोट फुगलंय म्हणून ओवा मागायचे, आम्ही आपले जठराला दोष देत गोळ्या आणत होतो. कवळी बसवली, घास नीट चावायला लागले, तेव्हा कुठं त्रास बराच कमी झाला. तेवढं वाक्य दुरुस्त करा प्लीज, शाळेतली पोरंपण वाचतात हे.