बॅटरीचं रीडिंग नॉबमुळे का हलतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एडीसीच्या (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाच्या) चुकीच्या रीडिंगवरचा माझा लेख उगाच लांबवलाय, सोर्स रेझिस्टन्स (मोजायचं व्होल्टेज पिनपर्यंत ज्या रेझिस्टन्समधून येतं तो) न् रेफरन्स (ज्या व्होल्टेजशी तुलना करून एडीसी आकडा ठरवतो ते) या पुस्तकी गोष्टी आहेत, खरं तर चिपच खराब असते आणि 64 रीडिंगची सरासरी काढली की काम भागतं, असं तुमचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते तुम्ही दिलेल्या माहितीवरूनच सांगतो.

तुमच्याकडे आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. त्याच्या ए0 या इनपुट पिनवर नॉब (फिरवून 0 ते 5 व्होल्ट देणारा) आणि ए1 वर बॅटरी, तीही 1 मेगओहमच्या दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरने व्होल्टेज निम्मं करून. बॅटरी 4 व्होल्टची, म्हणजे ए1 वर 2 व्होल्ट दिसायला हवेत. कोड दर फेरीत आधी ए0 वाचतो, मग ए1, आणि अशा 64 फेऱ्यांची सरासरी काढतो. उत्तर येतं 2.5 च्या आसपास, अगदी स्थिर. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की नॉब खाली नेला की तोच आकडा 1.7 पर्यंत उतरतो. या एका ओळीवरून दोष कुठे आहे ते कळतं. चिप खराब असती तर ए1 चा आकडा ए0 च्या नॉबबरोबर इतका शिस्तीत वरखाली झाला नसता.

उनोवरच्या एटीमेगा 328 या चिपमध्ये एडीसी एकच आहे, चॅनल आळीपाळीने त्याला जोडले जातात. व्होल्टेज धरून ठेवायला आत साधारण 14 पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो. ए0 वाचून झालं की त्यावर नॉबचं व्होल्टेज असतं आणि ते ए1 च्या व्होल्टेजपर्यंत यायला हवं. त्यासाठी वेळ मिळतो एडीसीच्या घड्याळाचे दीड ठोके. नेहमीच्या 125 किलोहर्ट्झला ते होतात 12 मायक्रोसेकंद. तुमच्या डिव्हायडरचा सोर्स रेझिस्टन्स 500 किलोओहम (1 मेगओहमचे दोन समांतर धरून), म्हणून टाइम कॉन्स्टंट, म्हणजे रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, 7 मायक्रोसेकंद. 12 मायक्रोसेकंदांत आधीच्या व्होल्टेजशी असलेला जवळजवळ 18 टक्के फरक शिल्लकच राहतो. नॉब पूर्ण वर म्हणजे 5 व्होल्ट, फरक 3 व्होल्टचा, त्याचे 18 टक्के 0.54. म्हणजे 2 च्या जागी 2.54. नॉब शून्यावर नेला तर 1.64. पिनचं आणि ब्रेडबोर्डचं कपॅसिटन्स मी यात धरलेलं नाही, तरी तुमचे आकडे किती जवळ आहेत बघा. चिपची डेटाशीट 10 किलोओहम किंवा त्याहून कमी सोर्स रेझिस्टन्स ठेवायला सांगते, ती याच कारणासाठी.

आता सरासरीबद्दल. रीडिंग खरोखर इकडेतिकडे उडत असेल, तर 64 ची सरासरी तो गोंधळ साधारण 8 पट कमी करते. तेवढ्यासाठी ती जरूर वापरावी. पण तुमच्याकडे प्रत्येक रीडिंग एकाच बाजूला, एकाच मापाने सरकलंय. अशा 64 रीडिंगची सरासरीही तितकीच सरकलेली येते, वर ती स्थिर दिसते म्हणून आपण निर्धास्त होतो. बॅटरीच्या बाबतीत हे मला जास्त खटकतं, कारण रिकामी होत आलेली बॅटरी भरलेली दिसली तर पुढचे सगळे निर्णय चुकतात.

मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांना 4.00 दाखवलं, ते बरोबरच आहे. पण तोच मीटर ए1 च्या पिनला लावलात तर 2.00 च्या जागी 1.90 दिसेल, कारण बहुतेक डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स 10 मेगओहम असतो आणि 500 किलोओहमपुढे तो 5 टक्के व्होल्टेज खाली ओढतो. त्या 1.90 वरून पुन्हा चिपला दोष देऊ नका.

उपाय सोपा आहे. ए1 आणि ग्राउंड यांच्यामध्ये, पिनच्या अगदी जवळ, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आतल्या 14 पिकोफॅरडपेक्षा तो 7000 पटींनी मोठा आहे, त्यामुळे एका रीडिंगला लागणारा चार्ज तो सहज देतो, त्याचं स्वतःचं व्होल्टेज हलल्याचं एडीसीच्या 10 बिटमध्ये (1024 पायऱ्यांत) दिसतही नाही. मात्र इथे एक खाच आहे, आणि कपॅसिटर लावूनही फरक पडला नाही म्हणणारे बहुधा इथेच अडतात. सेकंदाला हजारो वेळा ए0, ए1, ए0, ए1 असं फिरत राहिलात तर दर खेपेला थोडा थोडा चार्ज इकडून तिकडे जातो आणि 500 किलोओहममधून तो भरून निघत नाही. पूर्ण वेगाने वाचलंत तर काही टक्क्यांची चूक उरतेच. बॅटरीचं व्होल्टेज सेकंदाला 10 वेळा वाचलं तरी पुष्कळ झालं. वेगाने वाचणं भागच असेल तर डिव्हायडर 10 किलोओहमच्या जोडीचा करा, किंवा मध्ये एमसीपी6001 सारखा रेल-टू-रेल ऑपअँप (शून्यापासून सप्लायपर्यंत चालणारा अँप्लिफायर) बफर म्हणून टाका, म्हणजे एडीसीला लागणारा चार्ज तो देईल.

रेफरन्सचा मुद्दा वेगळा, आणि तोही तुम्हाला लागू आहे. यूएसबीवर उनोचे 5 व्होल्ट नेमके 5 नसतात. ते 4.8 असतील आणि कोडमध्ये 5 धरले असतील, तर 2 व्होल्टचे 2.08 दिसतील. ही चूक नॉब फिरवून बदलत नाही, व्होल्टेजच्या प्रमाणात वाढते. दोन्ही चुका एकदम असल्या तर आधी नॉबची चूक काढा, मग रेफरन्स मोजा.

चिप बदलण्याआधी एवढं करा: कपॅसिटर न लावता नॉब पूर्ण वर ठेवा, ए0 एकदा वाचा आणि लगेच ए1 सलग पाच वेळा, सरासरी न काढता. पाचही आकडे जसेच्या तसे इथे लिहा. पहिला मोठा आणि पुढचे 2 व्होल्टकडे उतरत गेलेले असतील, तर चिप ठीक आहे. पाचही सारखेच चुकले असतील तर रेफरन्स आणि ग्राउंडची जोडणी तपासू, आणि तिथेही काही सापडलं नाही तर मग चिप बदलायला मी स्वतःच सांगेन.