थिवी म्हणा, थिविम नको

पणजीला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. राज्याची राजधानी, 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती जेमतेम 40 हजार, आणि कोकण रेल्वेने यायचं तर उतरायचं थिवीला, करमळीला नाहीतर मडगावला. विमानाने आलात तर दाबोळी किंवा मोपा. म्हणजे पणजी गाठायला आधी दुसऱ्याच गावाचं नाव घ्यावं लागतं. ते नाव चुकलं की पुढची बसही चुकते.

मे महिन्यात माझा मामेभाऊ पहिल्यांदाच एकटा आला. त्याला पणजीहून डिचोलीला जायचं होतं. स्टँडवर तो मोबाइलमध्ये बघून 'बिचोलिम'ची बस शोधत बसला. समोर कंडक्टर 'दिवचल, दिवचल' म्हणून ओरडत होता. दोन बस निघून गेल्या. शेवटी एका आजींनी विचारलं, "खंय वता रे पुता?" आणि त्याला हाताला धरून बसमध्ये बसवलं. डिचोली, दिवचल, बिचोलिम ही तिन्ही नावं एकाच गावाची, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं!

खरं तर यात अवघड काही नाही. पोर्तुगीजांनी शेवटी लावलेला 'एम' हा आपला म नव्हे, आधीचा स्वर नाकातून म्हणण्याची ती खूण आहे. थिवी, बेती, केपें, सांगें, सगळ्यांच्या स्पेलिंगला ही शेपटी आहे. त्यांच्या लिपीत ड नव्हता, म्हणून त्यांनी आर लिहिला. तोच आपण र वाचतो आणि पेडण्याचं 'पेर्नेम', कुडचड्याचं 'कुर्चोरेम' होतं. बाहेरच्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्यापुढे रोमन अक्षरंच असतात. पण आपल्याकडे देवनागरी आहे, त्यात ड आहे, ळ आहे, अनुस्वार आहे. तरी मराठी बातमीत 'बिचोलिम' छापलेलं दिसतं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. (पणजीला कुणी 'पंजी' म्हटलं तर तेवढं नाही वाटत, कारण तिथे निदान बस तरी चुकत नाही.)

माझी मागणी साधी आहे. बसच्या काचेवरची पाटी देवनागरीत, मोठ्या अक्षरांत हवी, आणि कंडक्टर जे ओरडतो तेच नाव तिच्यावर हवं. स्टेशनवरची घोषणा त्या गावच्या माणसाकडून एकदा म्हणवून घ्या. तोवर तुम्ही गाडीत असाल तर शेजाऱ्याला 'थिवी आली का?' असंच विचारा.