खुलासा : अमृता शेरगिल, ‘तीन मुली’ आणि अजिंठा

अमृता शेरगिल यांनी ‘तीन मुली’ हे चित्र अजिंठ्याची लेणी पाहून रंगवले, असा मजकूर सध्या फिरत आहे; तो चुकीचा आहे. हे चित्र १९३५ चे असून अजिंठ्याला त्या १९३६ च्या अखेरीस, मुंबईतील प्रदर्शनानंतर गेल्या. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक या चित्राला मिळाल्याने कालक्रमाचा गोंधळ झाला असावा. खाली झुकलेल्या नजरा आणि सपाट, दाट रंगांत बसवलेल्या आकृत्या यांमागे पॅरिसमधील शिक्षण व फ्रेंच चित्रकार पॉल गोगँचा प्रभाव अधिक दिसतो. अजिंठ्याचा खरा ठसा पाहायचा तर दक्षिणेच्या प्रवासानंतरचे ‘ब्रह्मचारी’ (१९३७) पाहावे.