सभा कितीला, ते आधी सांगा

काल निपाणीत आमच्या कट्ट्यावर वाद पेटला. अण्णा बिडी कामगारांच्या युनियनचे जुने कार्यकर्ते. म्हणाले, "बायकांना कमिटीत घ्यायला आम्ही कधी नको म्हटलंय? सभेलाच येत नाहीत."

समोरच्या ओसरीवर आक्का सूप मांडीत घेऊन बिड्या वळत होत्या. पत्रा ठेवून पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, बिडीचं तोंड मिटून दोरा गुंडाळायचा. हात न थांबवता त्या बोलल्या, "सभा रात्री आठला ठेवतासा. तवा माझी चूल पेटलेली असती."

"मग रविवारी ठेवू."

"रविवारचं धुणं कोण धुतंय?"

मास्तरांनी मणिबेन कारांचं नाव काढलं. 1936 साली त्या आयटकच्या, म्हणजे देशभरच्या कामगार संघटनांच्या महासंघाच्या, अध्यक्षा होत्या. अण्णा म्हणाले, "त्या मुंबईच्या, शिकलेल्या." मला हे पटलं नाही. आपल्या कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना आहेत. तिथं कुणी शिक्षण विचारत नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत तर वीस किंवा जास्त कामगार असतील तिथल्या तक्रार निवारण समितीत बायकांचं प्रमाण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नसावं, असं लिहिलंय. मालकाच्या दारात हा नियम, आणि आपल्या युनियनच्या कमिटीत? वर्गणी भरणाऱ्या बहुतेक बायका, खुर्च्यांवर सगळे बापे.

"पण मागण्या त्यांच्याच मांडतो की आम्ही! हजारी दर, हजार बिड्यांमागची मजुरी, कुणासाठी वाढवून मागतो?"

इथं आक्कांनी सूप खाली ठेवलं. "दर मागितलासा, बरं केलासा. छाटीचं कोण बोललं?"

बिड्या द्यायला गेल्यावर मोजणारा मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला काढतो. त्यांचे पैसे नाहीत, आणि बिड्या परतही मिळत नाहीत. पान खराब मालकानंच दिलेलं असतं. दर चार आण्यांनी वाढवून मिळाला, तरी छाटीत तो तिथंच जातो. शिवाय मोजणारा काय काय बोलतो, ते आक्का चारचौघांत सांगेनात. मला वाटतं, खरी अडचण इथंच आहे. अशा गोष्टी पुरुषांच्या कमिटीपुढं कोण सांगणार?

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुपारी ठेवूया? बिड्या देऊन परत येताना, तिथंच दारात?"

"ठेवा. पोरंबाळं घेऊन येतो आमी."

वेळेचं जमलं. सेक्रेटरी बाई असावी, यावर मात्र अण्णा अजून अडून बसलेत. आज संध्याकाळी मी पुन्हा तोच विषय काढणार आहे.