जुन्या लायबिलिटी पॉलिसी रद्दीत टाकण्याआधी

अमेरिकेत पेट्रोल पंप, मोटेल, ड्राय क्लीनिंगचं दुकान किंवा छोटा स्ट्रिप मॉल चालवणाऱ्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय. मालमत्तेखालची जमीन दूषित निघाली तर काय करायचं, यावर त्याचा सल्ला असा: "जुन्या विम्याच्या नादी लागू नका. मुदत संपलेली पॉलिसी म्हणजे रद्दी. प्रदूषण तर वगळलेलंच असतं. कागद नसतील तर विषय संपला. जुन्या मालकाच्या विम्याशी तुमचा संबंध नाही. मुकाट्याने पैसे भरा आणि मोकळे व्हा."

भूजलात उतरलेलं रसायन काढायला कित्येक लाख डॉलर लागू शकतात. हा मजकूर वाचून कुणी राहतं घर गहाण टाकलं तर? म्हणून एकेक मुद्दा तपासू या.

मुदतीपासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गेल्या वर्षी तुमच्या गाडीने कुणाला धडक दिली आणि दावा यंदा आला, तर उत्तर गेल्या वर्षीची विमा कंपनी देते. तोवर तुम्ही कंपनी बदललेली असली तरी. जुन्या जनरल लायबिलिटी पॉलिसीही, म्हणजे धंद्यामुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई देणारे विमे, अशाच चालतात. १९६६ च्या प्रमाणित (बहुतेक विमा कंपन्या वापरत अशा) मसुद्यापासून त्या 'घटने'वर बेतलेल्या आहेत: नुकसान मुदतीत झालं का, एवढंच बघायचं. दावा पन्नास वर्षांनी आला तरी चालतो.

आता ड्राय क्लीनिंगमध्ये कपडे साफ करायला वापरतात ते पर्क हे रसायन घ्या. ते पाण्यापेक्षा जड असतं. काँक्रीटच्या फरशीतून, ड्रेनेजच्या सांध्यांतून झिरपतं आणि भूजलात खाली बसतं. १९६८ ते १९८५ असं सतरा वर्षं ते झिरपलं असेल, तर नुकसान त्यातल्या प्रत्येक वर्षी होत होतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये माँट्रोज केमिकलच्या खटल्यात हेच मान्य केलं: सलग चाललेल्या नुकसानीला त्या काळातल्या सगळ्या पॉलिसी लागू होतात. म्हणजे हाती एक नाही, अनेक वर्षांच्या पॉलिसी येऊ शकतात.

"प्रदूषण वगळलेलंच असतं" हे १९८६ नंतरच्या पॉलिसींबद्दल बहुतेक ठिकाणी खरं आहे. त्या साली प्रमाणित मसुद्यात प्रदूषण सरसकट वगळणारं कलम आलं. साठच्या दशकातल्या मसुद्यात मात्र असं कलमच नव्हतं. मधल्या काळात, साधारण १९७० ते १९८५, प्रदूषण वगळलेलं होतं, पण ते 'अचानक आणि अपघाती' असेल तर संरक्षण होतं. या दोन शब्दांवर वकिलांनी दोन दशकं घासाघीस केली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, मॉर्टन इंटरनॅशनलच्या खटल्यात, विमा कंपन्यांना त्यांच्याच शब्दांत पकडलं. हे कलम आणताना त्यांनी राज्याच्या नियामकांना सांगितलं होतं की यात नवं काही नाही, हा फक्त खुलासा आहे. मग त्याच कलमाचा आधार घेऊन संरक्षण एवढं कसं छाटता येईल? न्यायालयाने ते छाटू दिलं नाही. माझ्या मते हा निकाल न्यायाचाच होता.

न्यूयॉर्क आणि मिशिगनने मात्र 'अचानक' म्हणजे झटक्यात, असाच अर्थ लावला. तिथे हळूहळू झिरपलेल्या रसायनासाठी या मधल्या काळातल्या पॉलिसी फारशा उपयोगी पडत नाहीत. उलट इंडियानात, कायगर खटल्यात, १९९६ मध्ये पेट्रोल पंपावरच्या गळतीलाही प्रदूषणाचं कलम लागू झालं नाही, कारण 'प्रदूषक' म्हणजे नेमकं काय हेच पॉलिसीत संदिग्ध होतं. मालमत्ता कुठल्या राज्यात आहे हे विचारल्याशिवाय होकार किंवा नकार देणारा सल्ला अर्धवट असतो.

एक खरी अडचण त्या मजकुरात नाहीच. दूषण फक्त तुमच्या मातीपुरतं असेल, तर 'स्वतःची मालमत्ता' हे कलम आडवं येतं, कारण हा विमा इतरांच्या नुकसानीचा असतो, तुमच्या स्वतःच्या जागेचा नाही. ते भूजलात किंवा शेजाऱ्याच्या जागेत गेलं की चित्र बदलतं.

कागद नसले तरी शोध संपत नाही. विम्याचे पुरावे शोधणं हा तिकडे स्वतंत्र व्यवसाय आहे. हप्त्याचे वटलेले चेक, हिशेबाच्या वह्या, जुन्या एजंटची फाइल, बँकेच्या कर्जाची कागदपत्रं, विम्याची अट घालणारा भाडेकरार, सरकारी कंत्राटाला जोडलेलं प्रमाणपत्र, यांतून कंपनीचं नाव, पॉलिसीचा क्रमांक आणि साल निघतं. त्या काळचे मसुदे प्रमाणित असल्याने अटी काय होत्या हेही दाखवता येतं. ऑरेगनने तर हरवलेल्या पॉलिसींसाठी कायद्यातच तरतूद केली आहे.

जुन्या मालकाबद्दलचा मुद्दा तर उलटा आहे. लव्ह कॅनॉल या न्यूयॉर्क राज्यातल्या वस्तीखाली पुरलेला रासायनिक कचरा बाहेर आल्याच्या प्रकरणानंतर १९८० मध्ये आलेला सुपरफंड कायदा, म्हणजे दूषित जागांच्या सफाईचा केंद्रीय कायदा, चूक नसलेल्या आजच्या मालकालाही धरतो. (पेट्रोल त्यातून वगळलं आहे, त्यासाठी राज्यांचे कायदे आहेत.) पण तोच कायदा ज्याने दूषण केलं त्याच्याकडून खर्च मागायची वाटही देतो. तुम्ही जागा २००५ मध्ये घेतली असेल, तर तुमच्या पॉलिसीत बहुधा काही नसेल. शोधायच्या आहेत त्या १९७० च्या दशकातल्या दुकानदाराच्या. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात विसर्जित कंपनीवरही दावा करून तिच्या विम्यापर्यंत जाता येतं.

आणि "मुकाट्याने पैसे भरा"? सर्वांत घातक ओळ हीच. कंपनीला न विचारता केलेला खर्च ती नाकारू शकते, तसं कलमच बहुतेक पॉलिसींत असतं. उशिरा कळवलं तरी दावा अडचणीत येतो. राज्याच्या पर्यावरण खात्याचं पत्र आलं की, सफाईचं कंत्राट देण्याआधी, सापडलेल्या प्रत्येक कंपनीला लेखी नोटीस द्या. सोबत त्या पत्राची प्रत जोडा, पॉलिसीचे क्रमांक अर्धवट असले तरी लिहा आणि बचावाचा खर्चही मागा. अनेक जुन्या पॉलिसींत वकिलाचा खर्च विम्याच्या मर्यादेबाहेर, वेगळा मिळतो.