अपमान हे इंधन नाही

वजन कमी करणाऱ्यांसाठी म्हणून 'जिद्दीचे सहा नियम' असा एक मेसेज सध्या फिरतोय. असल्या प्रत्येक मेसेजला उत्तर देत बसायला मला वेळ नाही. पण हा माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला, तिने तो मनावर घेतला आणि आता तिच्या फ्रीजच्या दारावर तिचाच एक फोटो चिकटवलेला आहे. एका लग्नातला, बाजूने काढलेला, तिला स्वतःला सर्वांत नकोसा वाटणारा. खाली लाल पेनाने लिहिलंय, 'अशीच राहायचंय का?' म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, ज्याचं वजन उतरत नाही त्याला मुळात ते उतरवायचंच नसतं. दोन, २१ दिवस सलग पाळा; एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. तीन, रोज आरशासमोर उभं राहून स्वतःला सुनवा, नकोसा फोटो डोळ्यांसमोर ठेवा आणि घरच्यांना टोमणे मारायची मोकळीक द्या, कारण 'अपमान हेच सर्वांत मोठं इंधन'. चार, रोज वजन करा आणि काटा वर गेला तर त्या दिवशी जेवण बंद. पाच, वजन अडकलं असेल तर तुम्ही चोरून खाताय. सहा, रोज सकाळी प्रेरणा देणारा एक व्हिडिओ बघा.

तिसऱ्यापासून सुरुवात करते. बाकीचे नियम चुकीचे आहेत. हा माणसाचं नुकसान करतो.

ज्याचं वजन जास्त आहे त्याला ते ठाऊकच नाही, असं हा मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं का? कपडे घालून बघताना, जिना चढताना, फोटोसाठी उभं राहताना मागची रांग शोधताना त्याला ते कळतच असतं. नातेवाइकांनी सांगितलेलं असतं, वर्गातल्या मुलांनी सांगितलेलं असतं, कान दुखतो म्हणून गेल्यावर डॉक्टरांनीही कानाआधी वजनाचाच विषय काढलेला असतो. यातल्या कितीतरी जणांनी लहानपणापासून हेच ऐकलंय. त्याने काम व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं.

हे नुसतं माझं मत नाही. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या लोकांच्या तब्येतीची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या २,९४४ जणांची माहिती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी तपासली आणि २०१४ साली प्रसिद्ध केली. वजनावरून आपल्याला वाईट वागवलं जातं असं सांगणाऱ्यांचं वजन चार वर्षांत सरासरी ०.९५ किलोने वाढलं. ज्यांना तसा अनुभव नव्हता त्यांचं सरासरी ०.७१ किलोने घटलं. सुरुवातीचं वजन किती होतं हे हिशोबात धरूनही फरक उरलाच. 'वाईट वागवणं' यात काय काय धरलं होतं? कमी मानाने बोलणं, दुकानात किंवा दवाखान्यात नीट न विचारणं, या माणसाला अक्कल कमी असं धरून चालणं, त्रास देणं. म्हणजे आपला मेसेज घरच्यांना जे करायला सांगतो, त्याचीच भावंडं.

आता कोणी म्हणेल, हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. कशामुळे काय झालं ते यातून पक्कं सिद्ध होत नाही. मान्य. पण अपमान हे खरंच सर्वांत मोठं इंधन असतं, तर आकडे निदान उलट्या दिशेला तरी झुकायला हवे होते.

आणि हे कसं घडत असेल ते मला बहिणीच्या घरात दिसतंय. फोटो लागल्यापासून ती कोणासमोर फ्रीज उघडत नाही. सगळ्यांदेखत अर्धंच वाढून घेते आणि रात्री घर झोपलं की ओट्यापाशी उभ्याउभ्या खाते. घाईघाईने, दिवा न लावता. तिनेच मला सांगितलं, रडत. तिला संध्याकाळी चालायला जायला आवडायचं, तेही बंद आहे. का, तर "ताई, थोडी बारीक झाले की जाईन. आत्ता लोक बघतात." तिच्या दिवसातली जी एक गोष्ट तिच्या खरोखर हिताची होती, लाजेने तीच आधी बंद पाडली.

तिचा मुलगा दहा वर्षांचा आहे. ती जेवायला बसली की तो विचारतो, "आई, फोटो बघितलास का?" त्याला वाटतं आपण मदत करतोय. मेसेजमध्ये तसंच लिहिलंय आणि तो आईनेच त्याला वाचून दाखवलाय. समोरच्याच्या ताटाकडे बघून त्याच्या शरीराविषयी बोलायचं असतं, हे त्या पोराने आता शिकून घेतलं. उद्या तो हेच वर्गातल्या एखाद्या मुलीला ऐकवेल, किंवा मोठा होताना आरशात बघून स्वतःला. मला सर्वांत जास्त राग याचा आहे.

पहिला आणि पाचवा नियम एकाच माळेचे मणी आहेत. वजन उतरलं नाही म्हणजे इच्छा नाही, अडकलं म्हणजे चोरी. शरीर कसं चालतं याचा पत्ताच नसला की असलं सुचतं. खाणं कमी केल्यावर पहिल्यांदा जे वजन जातं त्यात पाण्याचा मोठा वाटा असतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं, त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. साठा उतरला की ते पाणीही जातं. म्हणून सुरुवातीला काटा झपाझप खाली येतो आणि मग एकदम रेंगाळतो. पुढे वजन खरोखर घटलं की त्या लहान झालेल्या शरीराला हालचालीला, नुसतं जिवंत राहायलाही कमी उष्मांक पुरतात. ज्या जेवणावर आधी वजन उतरत होतं, त्याच जेवणावर ते थांबतं. वर भूक वाढते ती वेगळीच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की दहा आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी साडेतेरा किलो घटवलेल्या लोकांमध्ये भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्वपदावर आली नव्हती, आणि त्यांना भूकही आधीपेक्षा जास्तच लागत होती. वजन रेंगाळलं की माणूस खचतो, सोडून द्यावंसं वाटतं. नेमकं तेव्हा त्याला हे सगळं समजावून सांगणारं कोणीतरी हवं असतं, आणि हा मेसेज त्याला चोर म्हणतो. खाण्याचा अंदाज चुकतो, हे खरं. तो बारीक माणसांचाही चुकतो. अंदाज चुकणं म्हणजे लबाडी नव्हे.

२१ दिवसांचं खूळ कुठून आलं? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान २१ दिवस लागतात. त्यातलं 'निदान' गळालं, चेहराही गळाला, २१ तेवढे उरले. सवय लागायला किती दिवस लागतात हे फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष बघितलं, तेव्हा साधारण मध्य निघाला ६६ दिवसांचा, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक. त्याच अभ्यासात हेही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम होत नाही. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावणं ही निव्वळ शिक्षा आहे. आणि बाविसाव्या दिवशीही चालायला जायचा कंटाळा आला, तर माणूस स्वतःलाच नालायक ठरवून मोकळा होतो.

चौथा नियम अर्धा खरा आहे, हे कबूल करावं लागेल. वजनाची आणि खाण्याची नियमित नोंद ठेवणाऱ्यांना त्याचा फायदा होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण पुढचं 'काटा वर गेला तर जेवण बंद' याने त्या नोंदीची वाट लागते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक. काल रात्रीपासून आज सकाळपर्यंत काटा एक किलोने वर गेला, तर तेवढे उष्मांक काय तुम्ही वरचे खाल्लेत? नाही. खारट जास्त झालं असेल, पोट साफ झालं नसेल, पाळी जवळ आली असेल. आठवड्याची सरासरी बघा. आणि ज्यांचा अख्खा दिवस त्या आकड्यावर ठरतो त्यांनी काटा सरळ कपाटात ठेवावा.

सहाव्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बघायचा तर बघा व्हिडिओ. पण हुरूप रोज येत नाही, कोणालाच. ज्या दिवशी तो नसेल त्या दिवशीही जमेल एवढंच काम ठरवावं लागतं, आणि तेवढ्यावर भागतं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ जणांवर झालेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला सांगितलं होतं, वजन ७ टक्क्यांनी घटवा आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करा. सोबत अडचणी बोलायला प्रत्येकाला एक मार्गदर्शक. वजन सरासरी ५.६ किलोच घटलं, तरी औषध नसलेली, नुसती नावापुरती गोळी घेणाऱ्यांपेक्षा या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. किती घटलं म्हणजे पुरे, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

डॉक्टरांचं नावही नाही. थायरॉइडचं काम मंदावलेलं असेल, पीसीओएस (बायकांमध्ये संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित करणारा विकार) असेल, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा मानसिक आजारावरची काही औषधं चालू असतील, तर वजन वाढू शकतं किंवा उतरायला अडू शकतं. आपण आळशी आहोत असं एकदा मनावर बिंबलं की माणूस तपासणीला जायचंच टाळतो. औषधं मात्र आपल्या मनाने बंद करू नका. बदलता येतील का, ते डॉक्टरांना विचारा. आणि तुमच्या घरात कोणी रात्री लपून खात असेल, मग दिवसभर उपाशी राहत असेल किंवा खाल्लेलं ओकून काढत असेल, तर डाएटचा विषय तात्पुरता बंद करा आणि मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. त्या माणसाला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.