लोकशाही काय अनाथ आहे?

गौरीजेवणाच्या दिवशी पंगत उठल्यावर माझा आतेभाऊ, आमचा दादा, विड्याला चुना लावता लावता म्हणाला, "लोकशाहीला देणगी? अगं, ती काय अनाथ आहे?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. जर्मनीत श्टुटगार्टला परत येऊन दोन महिने झाले, पण ते वाक्य माझ्याबरोबर रोज इथल्या लोकलमधून प्रवास करतं आहे.

मी दादाकडे ज्यासाठी देणगी मागितली होती ते काम फार मोठं नव्हतं. कोथरूडमध्ये सात-आठ जणांचा एक गट आहे. त्यात निवृत्त बँकवाले आहेत, एक वकील आहे, दोन तरुण मुली आहेत. महापालिकेचं अंदाजपत्रक ओळीओळीने वाचणं, निविदा तपासणं, माहिती अधिकारात अर्ज करणं आणि मिळालेलं उत्तर सोप्या मराठीत प्रभागातल्या लोकांसमोर मांडणं, हे त्यांचं काम. अर्जाला दहा रुपये लागतात, प्रतीला पानामागे दोन. पण अपिलं चालवायला, सांख्यिकी जाणणारा एक माणूस पगारावर ठेवायला आणि एका खोलीचं भाडं भरायला पैसे लागतात. दादाचा चाकणला सुट्या भागांचा कारखाना आहे. त्याच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ होती. त्याच वर्षी त्याने कोकणातल्या आमच्या कुलदैवताच्या सभामंडपाला भरघोस देणगी दिली आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. दानत या घरात कधीच कमी नव्हती. गावची शाळा, अन्नछत्र, डायलिसिसचं यंत्र यांना दादा हात आखडत नाही. हात आखडतो तो फक्त एका ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे ज्यावर बाकी सगळं उभं आहे ते.

पुणे महापालिकेच्या सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. बारा हजार कोटींच्या वरचं अंदाजपत्रक, आणि ज्याला जाब विचारावा असा एकही निवडून आलेला माणूस सभागृहात नाही! या काळात कोण लक्ष ठेवत होतं? असेच खोलीभर गट, स्वतःच्या पेन्शनीतून झेरॉक्सचे पैसे भरत. लोकशाही अनाथ आहे का, असं दादा विचारतो. दादा, त्या तीन वर्षांत पुण्यात ती अनाथच होती.

इथे श्टुटगार्टमध्ये मी रोज ज्या चढावरून जाते, तिथे बॉश कंपनीचे संस्थापक रॉबर्ट बॉश यांचं घर आहे आणि आता त्यांच्या नावाची संस्था. कंपनीचे जवळजवळ ९४ टक्के समभाग या संस्थेकडे आहेत. शिक्षण, आरोग्य यांच्याबरोबर लोकशाही हाही तिच्या कामाचा विषय आहे आणि शेजारपाजारच्या कुणाला त्यात वावगं वाटत नाही. बॉश यांनी १९३७ मध्ये कार्ल गोअर्डेलर यांना कंपनीचे सल्लागार म्हणून घेतलं. हेच गोअर्डेलर पुढे हिटलरविरोधी कटाचे एक सूत्रधार ठरले आणि १९४५ मध्ये त्यांना देहदंड झाला. एका कारखानदाराने आपल्या पगारपत्रकाच्या आडोशाला एका माणसाला उभं केलं. हे मी दादाला सांगितलं, तर माझा भाचा लगेच म्हणाला, "मावशी, त्याच कारखान्यांत तेव्हा सक्तीने आणलेले मजूर राबत होते." खरं आहे. मला ते माहीत होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं.

भाच्याचा आक्षेप दादाच्या आक्षेपापेक्षा खोल आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला मी दोन महिने घेतले. त्याचं म्हणणं असं: श्रीमंतांनी लोकशाहीला पैसा द्यायचा म्हणजे लोकशाही विकत घ्यायची. निवडणूक रोखे काय होते मग? सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजना घटनाबाह्य ठरवली ती याचसाठी, की कोण कुणाला किती देतो हे मतदाराला कळत नव्हतं.

भाच्या, तुझ्याच उदाहरणात तुझं उत्तर आहे. तो पैसा पक्षाला जात होता आणि झाकून जात होता. मी म्हणते तो पैसा पक्षाला द्यायचाच नाही. तो द्यायचा हिशेब विचारणाऱ्याला, आणि द्यायचा उघड, नावानिशी, पावती फाडून. रोख्यांचा खटला लढवणाऱ्यांमध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स होती. अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये ती सुरू केली. आज उमेदवाराच्या शपथपत्रात त्याच्यावरचे गुन्हे आणि त्याची मालमत्ता आपल्याला वाचता येते, ती त्यांनी न्यायालयात धरलेल्या चिकाटीमुळे. अशा खटल्याची वर्षं कोण पोसतं? सरकार पोसणार नाही, पक्ष तर नाहीच. कंपन्यांना नफ्यातले जे दोन टक्के सामाजिक दायित्व म्हणून खर्चावे लागतात, त्यातल्या कामांची यादी काढून बघ. शिक्षण आहे, आरोग्य आहे, वारसा आहे, पण 'कारभारावर नजर ठेवणं' असा शब्द तिथे नाही. उरतात ती घरं, ज्यांच्याकडे स्वतःचा पैसा आहे आणि ज्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

आणि हे जर्मनीकडून शिकायचं नाहीच. मला राग येतो तो याचा. पुण्यातल्या माणसाला हे परदेशातून सांगावं लागतं! सार्वजनिक सभा १८७० मध्ये आपल्या शहरात उभी राहिली, आणि ती कशावरून? पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभारावरून लोकांच्या तक्रारी होत्या, त्यावरून. हिशेब मागण्यातून. सभेला ९५ प्रतिनिधी होते, सहा हजार लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र घेऊन आलेले, आणि त्यांच्या मागे सरदार, इनामदार, सावकार उभे होते. इंग्रजांच्या राज्यात! दादा ज्या देवळाच्या मंडपाला पैसे देतो, तशाच एका देवळाच्या जमाखर्चातून पुण्याचं राजकीय शहाणपण जन्माला आलं.

जोतीराव फुले कंत्राटदार होते. कात्रजच्या बोगद्याच्या कामात त्यांचा हात होता, आणि कंत्राटातून मिळालेला पैसा त्यांनी समाजाच्या कामात घातला. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायला विरोध करणारे ते एकटे होते. कंत्राटदार माणूस, ज्याला सरकारी कामं हवी असतात, तो हे करतो. 'आपला धंदा आहे, आपल्याला नको ती भानगड' हे दादाचं दुसरं वाक्य होतं. ते मी इथे मुद्दाम मांडते.

शाहू महाराजांनी 'मूकनायक' निघावा म्हणून आंबेडकरांना अडीच हजार रुपये दिले. ३१ जानेवारी १९२० ला पहिला अंक निघाला. राजाने पैसे दिले म्हणून ते पत्र राजाचं झालं का? आणि औंधच्या राजाने, पुण्याच्या औंधच्या नव्हे, साताऱ्याकडच्या, १९३९ मध्ये आपले अधिकारच गावपंचायतींना देऊन टाकणारी राज्यघटना केली. श्रीमंताने सत्तेवरची पकड सोडायला पैसा किंवा पद वापरावं, ही कल्पना आपल्या मातीतली आहे.

परवा व्हिएन्नाच्या मार्लेने एंगेलहॉर्नबद्दल इथे जेवणाच्या सुट्टीत बोलणं निघालं. वारशाने आलेले अडीच कोटी युरो तिने २०२४ मध्ये वाटले, पण कुणाला द्यायचे ते स्वतः ठरवलं नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पन्नास सामान्य लोकांना ठरवू दिलं. माझे सहकारी तिला भाबडी म्हणाले. मला औंधचा राजा आठवला, पण त्यांना तो कसा सांगणार?

जर्मनीत सगळं छान आहे असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. स्थलांतरितांना देशाबाहेर पाठवण्याबद्दल पोट्सडाममध्ये अतिउजव्यांची गुप्त बैठक झाली, तिची बातमी जानेवारी २०२४ मध्ये कोरेक्टिव्ह या शोधपत्रकारितेच्या संस्थेने काढली. ही संस्था २०१४ मध्ये उभी राहिली ती एका वृत्तपत्रमालकाच्या घराण्याच्या नावाने चालणाऱ्या न्यासाच्या तीस लाख युरोंवर. त्या बातमीनंतर भर थंडीत मी श्लॉसप्लात्सवर लोकांबरोबर उभी होते, आणि मला वाटलं, बघा, पैसा असा खर्च होतो. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत निवडणूक झाली. ८२.५ टक्के लोकांनी मत दिलं आणि त्यातली २०.८ टक्के मतं आफडे या अतिउजव्या पक्षाला गेली. पाठोपाठ निवडणूक जिंकलेल्या सीडीयू-सीएसयू पक्षांनी अशाच संस्थांबद्दल संसदेत ५५१ प्रश्न विचारले. म्हणजे इथेही हिशेब विचारणाऱ्याला धाक घातला जातो. फरक एवढाच की इथे त्या संस्थांना उभं राहायला चार घराण्यांचा आधार आहे. आपल्याकडे निवृत्त बँकवाल्याची पेन्शन आहे.

त्या निवडणुकीत मी पहिल्यांदा इथे मत दिलं. माझ्या गल्लीतल्या शाळेत, फळ्याशेजारी. त्याच्या दोन वर्षं आधी म्युनिकच्या वकिलातीत माझा भारतीय पासपोर्ट जमा केला होता. मुलं इथली, नोकरी इथली, आणि वीस वर्षं कर भरून मत नाही हे सहन होईना, ही कारणं मी सगळ्यांना सांगते. ती खरी आहेत. पण परत येताना गाडीत मी उल्मपर्यंत रडत होते, हे दादाला अजून सांगितलेलं नाही. "तिकडे बसून बोलायला सोपं" हे तो म्हणाला तेव्हा मला जे लागलं ते त्यामुळे.

दादा नाही म्हणाला तेव्हा मी ठरवलं, मीच देते. कोथरूडच्या गटाच्या खजिनदारांना फोन केला. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, शांत आवाज. त्यांनी आधी विचारलं, "ताई, तुमचा पासपोर्ट कुठला?" मी सांगितलं. ते म्हणाले, मग आम्हाला घेता येणार नाही. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी परदेशी स्रोतातली ठरते, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून दिलं असतं तर चाललं असतं.

मी म्हटलं, आईच्या खात्यातून पाठवते. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नको. आम्ही दुसऱ्यांचे हिशेब तपासतो. असं कुणी केलेलं सापडलं तर आम्हीच बोट ठेवतो."

माझा जन्म नारायण पेठेतला. त्या गटाच्या कचेरीपासून माझं माहेर चालत पाऊण तासाचं. कायद्याने माझा रुपया परका आहे, आणि दादाचा आपला.

हे मी त्याला काल रात्री लिहिलं. सोबत गटाचा लेखापरीक्षित ताळेबंद जोडला, आणि कुठल्या नाल्याच्या कामाचं बिल दोनदा निघालं होतं ते त्यांनी कसं शोधलं त्याची चार पानं. सकाळी उठले तर उत्तर होतं. त्याने चारही पानं वाचली होती. तिसऱ्या पानावरच्या बेरजेत त्याला एक चूक सापडली होती, ती त्यांना कळव असं लिहिलं होतं, आणि खाली विचारलं होतं, खोलीचं भाडं महिन्याला किती आहे.